दुसऱ्या भागाचं हसू

१

धाकट्याचा धंदा ओठांचा होता. पडद्यावर परका माणूस परक्या भाषेत बोलायचा आणि धाकटा माइकसमोर उभा राहून त्याच्या ओठांवर आपल्या भाषेतले शब्द बसवायचा. 'प'ला ओठ मिटले पाहिजेत, 'आ'ला उघडले पाहिजेत, आणि पडद्यावरचं तोंड बंद झाल्यावर इकडचा शब्द उरता कामा नये. पंचवीस वर्षं हेच. त्यातून त्याला एक खोड जडली होती. समोरचा बोलायला लागला की हा त्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचा. "भावजी, माझ्या तोंडाला काही लागलंय का हो?" असं वहिनी दिवसातून एकदा तरी विचारायची.

एवढं करून वाट्याला काय आलं? तिसरा पोलीस. लिफ्टमधला माणूस. "पळा, पळा!" म्हणणारी गर्दी. मोठी कामं सगळी दादाची. गंमत म्हणजे दोघांचा आवाज एकच. घरात फोन वाजला आणि दादाने उचलला काय, धाकट्याने उचलला काय, पलीकडच्याला पत्ता लागायचा नाही. दादाचा मुलगा पोपट वयात आला तेव्हा त्याचाही आवाज फुटून तस्साच झाला. एकदा त्याने बापाच्या आवाजात शाळेत फोन करून स्वतःला तीन दिवस आजारी पाडलं होतं. आता तो बावीस वर्षांचा होता, कुरियरच्या ऑफिसात खिडकीवर बसायचा आणि गिऱ्हाइकांशी सिनेमातल्या आवाजांत बोलायचा.

तर आवाज एकच, पण लोकांना दादा हवा असायचा. का, ते धाकट्याला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

मग तो रक्तपिशाचांचा मारधाडपट आला. त्यात पिशाचराजाचा एक कुबडा नोकर होता. मालकाला माणसं आणून द्यायची आणि देताना विनोद करायचे, हे त्याचं काम. दादाने कुबड्याला आवाज दिला आणि गल्लीतली पोरंसुद्धा त्याची नक्कल करू लागली. सिनेमा लागला त्याच महिन्यात दादाचा आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही, गेला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, गळ्यात काही खोट नाही, यंत्र ठणठणीत आहे. तेव्हापासून दादा खिडकीपाशी पाटी घेऊन बसायचा. चहा हवा असेल तर 'चहा' लिहायचा, नको असेल तर 'नको'. सगळ्यांना वाईट वाटलं. धाकट्यालाही वाटलं, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे खाली वाकून बघायला तो तयार नव्हता.

वर्षाने धाकट्याला फोन आला. दुसरा भाग आलाय, कुबडा त्यातही आहे, आवाज तुमचाच हवा.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरातलं काम घरात राहिलं," ती म्हणाली. दादाने पाटी हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली आणि काही न लिहिता खाली ठेवली.

२

स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खाली चष्म्यांचं दुकान, वर दाताचा डॉक्टर. आतल्या खोलीच्या भिंतींना राखाडी फोम लावलेला. आत टाळी वाजवली तरी ती हातातच मरायची. मध्ये माइक, एक उंच स्टूल, पडदा, आणि समोर जाड काच. काचेपलीकडे यंत्रांची खोली. तिथे मॅडम आणि रेकॉर्डिस्ट बसायचे.

मॅडम पन्नाशीच्या, गोऱ्या, हसऱ्या. "पिशाचांच्या सिनेमावर काम करते म्हणून मी वटवाघूळ नाही हं," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि खरंच, चहाच्या सुट्टीत त्या खाली पायरीवर भर उन्हात जाऊन बसायच्या. काम दहा ते पाच. पाचनंतर एक मिनिट नाही. रेकॉर्डिस्ट मात्र अगदी मितभाषी. सगळं ठीक असेल तर अंगठा वर, नसेल तर खाली. एवढाच त्याचा संसार.

"पहिल्या भागात लोक नुसते घाबरले," मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या. त्यांचा आवाज धाकट्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये येत होता. "दुसऱ्यात हसता हसता घाबरले पाहिजेत. हसताना माणूस मान मागे टाकतो, पाहिलंय ना? गळा उघडा पडतो बिचाऱ्याचा."

धाकटा हसला. विनोद बरा होता.

"आधी सगळी हसणी करून टाकू," त्या म्हणाल्या. "मग कुजबुज. मग आरडाओरडा. संवाद शेवटी."

असं कुणी करत नाही. सिनेमा ज्या क्रमाने चालतो त्या क्रमाने आवाज देतात. पण मोठं काम मिळालेल्या माणसाने पहिल्या दिवशी शहाणपणा शिकवू नये, एवढं त्याला कळत होतं.

पडदा उजळला. पिशाचराजा सिंहासनावर. कुबडा वाकून म्हणतो, "मालक, ताजं संपलंय. तळमजल्यावरचे आजोबा आहेत, पण त्यांना मधुमेह आहे. गोड चालेल ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळतो. धाकटा खिदळला. अंगठा खाली. पुन्हा खिदळला. "अजून एक," मॅडम म्हणाल्या. "पोटातून येऊ द्या. अजून एक. काही शिल्लक ठेवू नका." दिवसभरात त्याने त्र्याऐंशी वेळा हसून दाखवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. दुसऱ्या कुणाच्या ती आली नसती. मॅडमचा आवाज त्यांच्या ओठांवर बसत नव्हता.

काचेपलीकडे ओठ मिटायचे आणि शब्द त्यानंतर संपायचा. फरक अगदी डोळ्याच्या पापणीएवढा. वायरचा दोष, त्याने स्वतःला सांगितलं. यंत्रातून यायला आवाजाला वेळ लागत असेल. स्वतःशीच असं बोलून तो समाधानाने जिना उतरला. खाली पायरीवर मॅडम उभ्या होत्या. आता काच नव्हती, हेडफोन नव्हता, मध्ये दोन हात उजेड फक्त.

"उद्या दहाला," मॅडम म्हणाल्या. ओठ मिटले. मग 'दहाला' आलं.

३

त्या संध्याकाळी पोपटने खिडकीवरच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. म्हातारा स्वतःच्याच पत्त्यावर पार्सल पाठवायला आला होता. का, तर "आमच्याकडे कुणीच येत नाही, कुरियरवाला तरी येईल." पोपटने म्हाताऱ्याचा आवाज, आपला आवाज, मधेच शिंकणाऱ्या मॅनेजरचा आवाज, सगळं करून दाखवलं. वहिनी पदराने डोळे पुसत हसली. धाकट्यालाही हसू आलं. खांदे हलले, पोट हललं, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही.

तो थबकला. पुन्हा हसून पाहिलं. तोंडातून नुसती हवा.

"काका, टायर पंक्चर झाला का?" पोपट म्हणाला आणि आणखी हसला.

दिवसभर हसल्यावर घसा बसणारच, धाकट्याने मनाशी म्हटलं. पण घसा बसला असता तर बोलता आलं नसतं. बोलताना त्याचा आवाज खणखणीत येत होता. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. आरशासमोर उभं राहून, दार लावून, एकदा 'हा हा हा' म्हणून बघितलं. तीन अक्षरं नीट आली. ती तीन अक्षरंच होती.

बाहेर आला तेव्हा दादा खिडकीपाशी बसून त्याच्याकडेच बघत होता. धाकट्याची नजर मिळाली तसा तो रस्त्याकडे बघू लागला.

४

पुढचे चार दिवस कुजबुज. कुबडा पडद्याआड उभा राहून पाहुण्यांच्या माना निवडतो, त्याचे संवाद. "ती जाडी नको मालक, तुपकट लागेल. तो वकील घ्या. इतरांचं पितोच आहे, त्याचंही कुणीतरी प्यावं." एकेक ओळ वीस वीस वेळा. पाचव्या दिवशी वहिनी देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसली होती आणि धाकट्याला दाराची किल्ली हवी होती. त्याने हळूच हाक मारायला तोंड उघडलं, काहीच निघालं नाही. मोठ्याने बोलला तर निघालं. वहिनी दचकली. "एवढं ओरडताय कशाला, बहिरी झाले का मी?"

त्याने डॉक्टर गाठला. डॉक्टरने नळी घातली. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. हेच शब्द त्याने वर्षापूर्वी ऐकले होते, बाहेरच्या बाकावर बसून, दाराच्या फटीतून, दुसऱ्यासाठी म्हटलेले.

शहाण्या माणसाने तिथेच काम सोडलं असतं. पण धाकटा रोज दहाला हजर. कारण एक तर त्याला अजून वाटत होतं की ही सगळी मनाची भूतं आहेत. आणि दुसरं कारण त्याहून खरं. रेकॉर्डिस्टने एखाद्या ओळीला अंगठा वर केला की पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटायचं, दादा काय मोठा लागून गेला होता.

मग आरडाओरडा. शिकारी दार फोडून आत येतो आणि कुबडा बोंबलतो, "दार उघडंच होतं की हो! आता सुताराचं रक्त प्यायचं की त्याच्याकडून दार करून घ्यायचं?" तीन दिवस धाकटा बोंबलत होता.

चौथ्या दिवशी सकाळी तो स्टुडिओला निघाला आणि पोपट कामाला. रस्त्याच्या पलीकडे पोपट फोनवर बोलत, पाठमोरा, फुटपाथखाली उतरून उभा होता. मालाचा एक ट्रक रिव्हर्समध्ये त्याच्याकडे येत होता. ड्रायव्हरला तो दिसणं शक्य नव्हतं. धाकट्याने ओरडायला तोंड उघडलं. सगळा जीव गळ्यात आणला. शिरा ताठ झाल्या, कान गरम झाले. रस्ता जसा होता तसाच राहिला. ट्रकचं मागचं फळकूट आणि पोपटची पाठ यांत वीतभर अंतर उरलं तेव्हा ड्रायव्हरने आपणहून ब्रेक दाबला. पोपटने मागे वळून बघितलं, रस्त्यापलीकडे तोंड वासून उभ्या असलेल्या काकाला बघितलं आणि हात हलवला. त्याला वाटलं, काका जांभई देतोय.

५

त्या दिवशी धाकटा माइकसमोर मुकाट उभा राहिला. "दमलात का?" मॅडमनी विचारलं. "जा, जेवून या."

तो खाली गेला, चष्म्याच्या दुकानासमोर उभा राहिला आणि खिसे चाचपल्यावर कळलं की स्वतःचा चष्मा स्टुलावरच राहिलाय. परत वर आला. जेवणाची वेळ, जिन्यात चिटपाखरू नाही. वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरचं यंत्र बारीक सुरात चाललेलं.

यंत्रांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून हसू ऐकू आलं.

त्याचंच होतं. पहिल्या दिवसाचं, मधुमेहाच्या विनोदावरचं. पोटातून आलेलं, काही शिल्लक न ठेवलेलं. ते ऐकून त्याला आधी बरंच वाटलं. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तसं. मग तो फटीशी गेला.

रेकॉर्डिस्ट भिंतीकडे तोंड करून बसला होता. एखाद्या घरात बाई कपडे बदलत असताना नोकर वळून उभा राहतो, तसा. मॅडम स्पीकरपुढे वाकल्या होत्या. तोंड स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकलेलं, उघडं. दात वगैरे काही नव्हते विशेष, तुमच्या-आमच्यासारखेच. हलत होता तो गळा. घोटामागून घोट, सावकाश, तहानलेला माणूस सभ्यपणे पाणी पितो तसा. आणि प्रत्येक घोटाबरोबर खोलीतलं हसू बारीक होत चाललं होतं. शेवटी शेवटी तर ग्लासातलं सरबत संपल्यावर तळाशी नळी खरखरते तसा आवाज आला. मग तोही थांबला.

मॅडमनी रुमालाने ओठ टिपले. रेकॉर्डिस्टने न वळताच अंगठा वर केला.

आणि मग मॅडम हसल्या. मान मागे टाकून, धाकट्याच्या हसण्यात. हे मात्र ओठांवर चपखल बसलं होतं. एका पापणीचाही फरक नव्हता.

धाकटा चष्मा न घेताच घरी आला.

६

दुपारचे दोन वाजले होते. वहिनी आतल्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसली होती, तोंडावर हात ठेवून. तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"ऐका," ती कुजबुजली.

आतून घोरणं ऐकू येत होतं. दादाचं घोरणं. आवाज गेला त्यात तेही गेलं होतं. वर्षभर दादा प्रेतासारखा शांत झोपायचा.

"मी कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून," वहिनी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "उभा जन्म या घोरण्याला शिव्या दिल्या मी. आता रोज दुपारी इथे बसून ऐकते. आज घोरणं आलं, उद्या बोलणंही येईल, नाही का हो?"

"कधीपासून येतंय?"

"तुम्हाला फोन आला ना, त्याच दुपारपासून. पायगुण तुमचा."

ती चहा ठेवायला गेली. धाकटा आत गेला, दार लावलं, आणि दादाला हलवून उठवलं. पाटी त्याच्या मांडीवर ठेवली.

"काय केलंस?"

दादाने त्याच्याकडे बघितलं. भावाचं तोंड बघून त्याला पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्याने खडू उचलला, ठेवला, परत उचलला.

'तिने पोपटला मागितलं,' त्याने लिहिलं. धाकट्याने वाचलं तसं दादाने ते बोटाने पुसलं. 'मी तुझं नाव दिलं.'

"आणि तिने तुला घोरणं दिलं."

दादाने मान हलवली.

यावर खरं तर कुणालाही हसू आलं असतं. एका भावाच्या बदल्यात एक घोरणं. धाकट्याचे खांदे एकदा हललेही. मग त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला, "मी तुझा भाऊ आहे ना रे?"

शाळेत पोरांनी मारलं की दादाच्या पाठीमागे लपायचा तो. दादाच्या जुन्या चपला, दादाचे जुने सदरे, दादाने सोडलेली कामं. सगळं दादाचंच वापरून मोठा झाला. ते सगळं दादालाही आठवत असावं, कारण त्याची हनुवटी थरथरत होती. पण खडू थरथरला नाही. त्याने दोनच शब्द लिहिले.

'पोटचा आहे.'

७

दुसऱ्या दिवशी दहा वाजता धाकटा माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी हे काम पुढे करणार नाही."

त्याला वाटलं होतं, दार बंद होईल, दिवे जातील, काहीतरी होईल. काचेपलीकडे मॅडम चहा पीत होत्या.

"नका करू," त्या म्हणाल्या. ओठ मिटले, मग शब्द आले. "आम्ही कधी कुणावर जबरदस्ती केली नाही. राहिलंय तरी काय? संवाद आणि मरणाचा प्रसंग. छान लिहिलाय हो तो. शिकाऱ्याने भोसकल्यावर कुबडा म्हणतो, 'मालक, मी वर चाललो. तुमचा काही निरोप आहे का? वर कुणाशी ओळख नाही म्हणता? मग मी कुठून आलो म्हणून सांगू?' आणि जीव सोडतो. थेटर डोक्यावर घेतील लोक. हे कुणी केलं तरी चालेल, फक्त आवाज तोच लागेल. तुमच्यासारखा आवाज आणखी कुणाचा आहे?"

खोलीतल्या फोमने तो प्रश्न गिळून टाकला. पडद्यावर कुबडा तोंड उघडं ठेवून थांबला होता.

धाकट्यापुढे दोन वाटा होत्या. एक, इथे उभं राहून उरलेलं सगळं देऊन टाकायचं आणि दादाशेजारी खिडकीपाशी दुसरी पाटी घेऊन बसायचं. दुसरी वाट पोपटची. कडेवर खेळवलेला पोपट. रात्र रात्र ज्याच्या तापाशी बसला होता तो पोपट. कालच ज्याच्यासाठी रस्त्यात शिरा फुटेपर्यंत ओरडला होता, आवाज नसताना, तो.

पुढे आयुष्यभर तो स्वतःला सांगत राहिला की त्याला बराच वेळ लागला. घामाने सदरा भिजला, पाय लटपटले, एकदा तो माइकपाशी गेलासुद्धा. यातलं काही झालं नव्हतं. मॅडमचा कप बशीत टेकायच्या आत त्याने नाव सांगितलं होतं. पूर्ण नाव, कुरियर ऑफिसच्या पत्त्यासकट. आणि वर म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगला करेल. तरुण आहे, दम आहे."

मॅडमनी लिहून घेतलं. "नाव देणाऱ्याचं काहीतरी आम्ही परत करतो, शब्द आहे माझा," त्या म्हणाल्या. रेकॉर्डिस्टने पहिल्यांदाच मान वर करून धाकट्याकडे बघितलं. तरुणच होता तो, पंचविशीचा असेल. त्याने तोंड उघडलं. जणू काही सांगायचं होतं. मग मिटलं, आणि अंगठा वर केला.

८

तीन दिवसांनी पोपट उड्या मारतच घरी आला.

"आई! मला आवाज द्यायला बोलावलंय! कुबड्याला! खुद्द कुबड्याला! त्या मॅडमनी स्वतः फोन केला!" त्याने पिशवी फेकली आणि काकाला मिठी मारली. "तुम्हीच सांगितलं ना माझं नाव? त्या म्हणाल्या, काकांनी शिफारस केलीय. स्वतःचं काम सोडून मला दिलंत?"

"मला आता झेपत नाही रे," धाकटा म्हणाला. "वय झालं."

"कुणाचे काका असं करतात!" वहिनी म्हणाली. तिने धाकट्याकडे असं बघितलं की त्याने नजर खाली वळवली. "लोक सख्ख्या भावाला पुढे जाऊ देत नाहीत."

खिडकीपाशी खुर्ची करकरली. दादा उठून उभा राहिला होता. त्याने पाटीवर लिहिलं आणि ती दोन्ही हातांनी पोपटच्या तोंडासमोर धरली. अक्षरं मोठी, वाकडी, खडू मधेच तुटलेला.

'जाऊ नको. आवाज जाईल.'

पोपटचा चेहरा उतरला. "बाबा, तुमचा गेला म्हणून माझाही जाईल? डॉक्टर म्हणाले ना, कामाचा काही संबंध नाही." पण तो घुटमळला. बापाच्या डोळ्यांत त्याला काहीतरी दिसलं असावं. तो काकाकडे वळला. "तुम्ही तर दहा दिवस तिथे होतात. तुमच्या आवाजाला काही झालं का?"

वहिनीही बघू लागली. दादाही. दादाने पाटी खाली केली आणि धाकट्याकडे बघितलं, लहानपणी धाकटा त्याच्याकडे बघायचा तसं.

धाकट्याने घसा साफ केला. आवाज खणखणीत निघाला, तिघांचा तोच एक आवाज.

"मला काय झालंय?" तो म्हणाला. "बोलतोय ना तुझ्याशी?"

"तेच म्हणतो मी!" पोपट म्हणाला.

दादाने पाटी टाकली. दोन्ही हातांनी पोपटचं मनगट पकडलं. मान मागे गेली, गळा ताणला गेला आणि तोंड उघडलं, उघडतच गेलं. जबड्याची हाडं दिसू लागली, डोळे बाहेर आले, गळ्याच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. खोलीत काही ऐकू आलं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तेवढीच.

"अगंबाई!" वहिनीने टाळी वाजवली. "हसताहेत! बघा ना भावजी, वर्षात पहिल्यांदा हसताहेत! पोराचं ऐकून किती आनंद झालाय बघा यांना!"

"बाबा, पुरे, पुरे, मनगट सोडा माझं," पोपट हसत म्हणाला आणि त्याने बापाची बोटं एकेक करून, प्रेमाने सोडवली.

धाकटा ते उघडं तोंड बघत होता. त्याला तिथून जायचं होतं. पण पोटात काहीतरी हललं, वर चढलं, छातीशी आलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. तरी ते आलंच. पोटातून, काही शिल्लक न ठेवता, खदाखदा, आवाजासकट. मॅडमनी शब्द पाळला होता.

त्याला हसताना बघून वहिनी आणखी हसू लागली, पोपटही. तिघांचं हसू खोलीत मावेना. चौथं तोंड त्या तिघांपेक्षाही मोठं उघडलेलं होतं.